फिन्टन तर येणारच

गेराटींच्या घरात खासदारकी आजोबांपासून होती. आजोबा, मग वडील. वडील वारले तेव्हाच्या पोटनिवडणुकीत तेवीस वर्षांचा फिन्टन निवडून आला. त्यानंतर एकतीस वर्षं तो डब्लिनला संसदेत जात राहिला.

शनिवारी मात्र तो आमच्या ड्रमकिल गावातल्या पबच्या मागच्या खोलीत लोकांची कामं ऐकत बसायचा. कुणाची पेन्शन, कुणाच्या शेतातला चर. मयताला गेला नाही असं एकही घर नाही. मी साहित्याची पदवी घेऊन रिकामा होतो. त्याने मला पत्रं लिहायला ठेवलं.

"विशेषणं काढ," तो म्हणायचा. "म्हातारीला नळाला पाणी हवंय, कविता नकोय."

यंदा पक्षाने त्याच्या जोडीला डर्वला क्विन ही तरुण शिक्षिका उभी केली. आमच्याकडे एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडतात आणि मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे घालतात. एक, दोन, तीन. प्रचारात दारोदार एकच वाक्य ऐकू यायचं. "तुला कसली काळजी, फिन्टन? तू तर येणारच."

मी खूश व्हायचो. तो पुढचं दार वाजवायचा.

"हे ऐकलं की मला भीतीच वाटते," तो एकदा म्हणाला.

मोजणी क्रीडा सभागृहात होती. कठड्याला टेकून मी पलीकडे उघडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेची पेन्सिलीने कागदावर खूण करत होतो. ड्रमकिलची पेटी उघडली. डर्वलाला एक, फिन्टनला दोन. पुढच्या मतपत्रिकेवरही तेच. त्याच्या पुढच्याही.

दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मागे पडला होता. सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. फिन्टनची मतं डर्वलाला गेली. त्यांच्यावरच ती निवडून आली.

त्याची आई, शहाऐंशी वर्षांची नोरा, चहाचा थर्मास घेऊन आली होती.

"मी त्या पोरीला एक नंबर दिला रे. म्हटलं, तिला कोण देणार? तू तर येणारच होतास!"

"चहा ओत, आई."

मी पेन्सिल खिशात घातली. "फिन्टन, मी पण..."

"माहीत आहे. ड्रमकिलची पेटी उघडल्यापासून तू माझ्याकडे बघितलेलं नाहीस."

त्याने कप खाली ठेवला, जाऊन डर्वलाचा हात हातात घेतला आणि मला जवळ बोलावलं.

"शनिवारी हिच्याबरोबर बस. पहिलं पत्र मिसेस कॉनाटींच्या नळाचं. आणि विशेषणं नकोत."