एनिडची टाळी

एनिड थर्लवेलला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही असं डग्लस म्हणतो. पण डग्लसच्या मते जगात कुणालाच कशातलं काही कळत नाही, तेव्हा त्याचं सोडा. मी गेट्सहेडच्या या इनडोअर हॉलमध्ये चहाचं काउंटर चालवते. लग्न होऊन नाशिकहून आले ती इथलीच झाले, आणि माझ्या काचेतून मला कोर्ट दिसतं, प्रेक्षक दिसतात आणि चहाचे पैसे न देता पळणारेही दिसतात. एनिडबद्दल बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो मला आहे.

ती आयुष्यभर शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना जेवण वाढायची. रॅकेट कधी हातात धरली नाही. नवरा रॉनी गेला, मूलबाळ नव्हतं, आणि एका फेब्रुवारीत तिच्या घरातला बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला रोज उद्या येतो म्हणायचा. हा हॉल तिच्या बसथांब्यासमोर, म्हणून बाई ऊब शोधत माझ्या काउंटरशी येऊन बसायला लागल्या. एक चहा घ्यायचा आणि दुपार काढायची. मी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या होत्या, खोटं कशाला बोलू? एकदा तिने काचेतून बघितलं, तर एक खेळाडू डोक्यावर टॉवेल घेऊन खुर्चीत बसलेला. हा असा का बसलाय, म्हणून तिने मला विचारलं. मी सांगितलं, पहिला सेट हरलाय, हल गावचा पोरगा आहे.

“हलचा? मग आपलाच की गं बाळा,” असं म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. मी साठी ओलांडलेली बाई, पण ती सगळ्यांनाच बाळा म्हणते. आत गेली ती गेलीच. बॉयलर दुरुस्त झाला तरी तिचं येणं काही थांबलं नाही.

तेव्हापासून हिवाळी स्पर्धा म्हटली की एनिड हजर. आमच्याकडेच नाही, ग्लासगो, शेफील्ड, नॉटिंगहॅम, जिथे म्हणून पत्र्याखाली टेनिस चाललेलं असेल तिथे ही बसने जायची, अंड्याची सँडविचेस आणि गुडघ्यावर घ्यायला चौकड्यांची शाल घेऊन. गेल्या गेल्या एकच प्रश्न, आपले किती? परदेशी खेळाडूंना ती देशाच्या नावाने ओळखायची आणि आपल्यांना गावाच्या. हलचा, कार्डिफची, तो लीड्सचा डावखुरा. आता खरं सांगायचं तर ही आपली पोरं म्हणजे काही टीव्हीवरची नव्हेत. एका मोटारीत तिघं दाटीवाटीने येतात, स्वस्तातल्या खोलीत राहतात आणि बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळतात. एनिडला त्याचं काही नाही. हरलेल्या पोराला ती थर्मासमधला चहा देणार, फाटलेल्या बॅगेचा पट्टा शिवून देणार. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धा मात्र ती टीव्हीवरसुद्धा बघत नाही. त्यांना माझी काय गरज, म्हणते.

या लोकांची एक सवय मला इतकी वर्षं राहूनही पचलेली नाही. समोरच्याने चांगला फटका मारला की हे टाळी वाजवतात. आपला हरत असला तरी! आमच्या गल्लीत समोरच्या पोराने षटकार ठोकला की आम्ही त्याच्या चपलेला नावं ठेवायचो, टाळी कसली वाजवतोय. इथे सगळेच वाजवतात, पण बाकीचे दोन बोटांनी, उपचारापुरती. एनिडची टाळी खणखणीत. वाढपाच्या डावाने कडक झालेले ते हात, आणि विचारबिचार काही नाही. चेंडू सुंदर गेला की हात आपोआप जुळलेच. डग्लस तिच्या शेजारी बसतो. जहाजं बांधायच्या कारखान्यात वेल्डर होता, आता इथे येऊन सगळ्यांना नावं ठेवतो. तो तिला म्हणायचा, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस ते एकदा ठरव. ती म्हणायची, चांगलं ते चांगलं.

सगळ्या पोरांत तिचा जीव होता तो कीरन रॅमशॉवर. कीरन आमच्या गावचा. एनिडच्याच शाळेत होता, तिच्या हातचं जेवलेला, म्हणून अजून तिला एनिड मावशी म्हणतो. लहानपणी फार नाव झालं त्याचं, पेपरात फोटो वगैरे. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, पुन्हा तोच गुडघा गेला. तिशीला टेकला तरी पोरगा पात्रता फेऱ्यांतच अडकलेला. या वर्षी त्याने सगळ्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं: या आठवड्यात पात्रता जिंकून मुख्य स्पर्धेत आलो तर उन्हाळाभर खेळेन, नाही आलो तर सोमवारपासून हेक्समला मामाच्या हाताखाली बाथरूमच्या फरशा बसवणार. मामाने जागा धरून ठेवली होती. हे सांगताना तो हसत होता. एनिड त्याच्या देखत हसली आणि माझ्यापाशी येऊन डोळे पुसत बसली. हा गेला तर माझं इथे कोण, असं मला म्हणाली. मी तिला म्हटलं, अगं अजून खेळायचाय तो, आत्तापासून कसलं सुतक धरतेस.

पहिला सामना तो जिंकला. रविवारी शेवटचा होता, वोयतेक नावाच्या चेक मुलाशी. उंच, शांत मुलगा, माझ्याकडे आला तरी दारात बूट पुसून येणारा. मला राग धरायलासुद्धा जागा ठेवली नाही मेल्याने.

त्या दिवशी गावातले बरेच लोक कीरनसाठी आले होते. कोटाच्या कॉलरीत माना घालून बसले होते, कारण काउंटरशी ऊब असली तरी कोर्टाचा हॉल म्हणजे नुसता फ्रीज. एनिड नेहमीच्या जागी, कोर्टाच्या कोपऱ्याला लागून असलेल्या खुर्चीवर, जिथून मागची रेघ तिच्या पायांपासून हातभर लांब होती. मी काउंटरवर ‘बंद’ची पाटी लावली आणि तिच्यामागे जाऊन उभी राहिले. चहा पिणारे सगळे आतच होते, मग काउंटरवर माशा मारत बसू का?

पहिला सेट कीरनचा, दुसरा त्या मुलाचा. तिसऱ्यात दोघंही दमले. कीरनचा गुडघा आता सगळ्यांना दिसेल इतका त्रास देत होता. तरी तो सोडत नव्हता. होता होता वेळ अशी आली की वोयतेकला फक्त एक गुण हवा होता. तो मिळाला की कीरनचा खेळ संपला, त्या दिवसापुरता नव्हे, कायमचा. हॉलमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. एनिडने शाल गच्च धरली होती.

या फेऱ्यांना रेघेवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्याचं त्यानेच सांगायचं. एक पंच दोन कोर्टांच्या मध्ये हिंडत असतो, भांडण झालं की येतो. त्याने स्वतः पाहिलेलं नसेल तर खेळाडूचा शब्द शेवटचा. प्रेक्षकाला कुणी विचारत नाही.

वोयतेकने चेंडू रेघेला समांतर असा मारला की कीरन पोचूच शकला नाही. चेंडू एनिडच्या पुढ्यात, कोपऱ्यात टपकला आणि मागच्या पडद्यात गेला. कीरनने बोट वर केलं. “आउट.”

आणि त्याच क्षणी टाळी वाजली. एकच माणूस, दोनच टाळ्या, खणखणीत.

बाहेर गेलेल्या चेंडूला कुणी टाळी वाजवत नाही. वेडासुद्धा वाजवत नाही. हॉलमध्ये वरच्या दिव्यांची घरघर ऐकू यायला लागली. एनिडचे हात तसेच छातीशी जोडलेले राहिले, नमस्कार केल्यासारखे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. काय केलं हे तिला हात जुळल्यावर कळलं.

वोयतेकने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, कीरनलाही भांडायला मिळालं असतं. तो फक्त रॅकेट खाली करून एनिडकडे बघत उभा राहिला. पंच शेजारच्या कोर्टावरून आला. त्याने काही पाहिलं नव्हतं. त्याने नियमाप्रमाणे कीरनला विचारलं, तुझी खात्री आहे का?

हो म्हटलं की झालं. गुण कीरनचा, सामना पुढे चालू. माझ्या मनात काय आलं सांगू? हो म्हण मेल्या, असं आलं. मी देवाला नाही, पण कुणाला तरी हात जोडले.

कीरनने एनिडकडे बघितलं. एनिडने मान खाली घातली.

“आत होता,” तो पंचाला म्हणाला. “माझी चूक.” आणि लंगडत जाळीपाशी गेला, त्या मुलाशी हात मिळवला.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. किती प्रामाणिक, अस्सल आपला पोरगा, असं पुटपुटत सगळे माझ्याकडे चहाला आले. काहींनी एनिडच्याही खांद्यावर थोपटलं, शाबास म्हणाले. ती जणू कुणी चापट मारावी तशी अंग आखडून घेत होती. एकट्या डग्लसने मनातलं बोलून दाखवलं. हात खिशात ठेवून बसायला तुला काय झालं होतं, असं तो तिला म्हणाला, आणि चहा न घेता निघून गेला. त्याचे डोळे लाल झाले होते.

गर्दी पांगली तरी एनिड कोपऱ्यातल्या टेबलाशी कोटाची बटणंही न काढता बसून होती. मी तिच्यापुढे चहा ठेवला. मला साक्ष द्यायची नव्हती गं, ती परत परत सांगत होती, चेंडू सुंदर गेला आणि हात जुळले, बाकी काही डोक्यात नव्हतं. आता तो माझं तोंड बघणार नाही, म्हणाली.  मी तिची शाल घडी करत बसले.

मग कीरन आला. अंघोळ करून, केस ओले, खांद्यावर ती भलीमोठी बॅग. मला वाटलं सरळ दाराकडे जाईल. तो तिच्यासमोर येऊन बसला आणि गुडघा लांब केला.

“मला दिसला होता, मावशी,” तो म्हणाला. “चांगला आत होता.”

“मग बाहेर का म्हणालास रे?”

“अजून एक उन्हाळा हवा होता.”

एनिडने त्याचा हात धरला. लोक मघापासून तिला जे सांगत होते, की बाई, तुम्ही त्याला वाचवलंत, खोट्यापासून वाचवलंत, ते सगळं मलाही तेव्हा बोलावंसं वाटलं. बरं झालं, तोंड मिटून होते.

“बाळा,” ती म्हणाली, “माझे हात मोडले असते तर बरं झालं असतं. तू पंचालाही खोटं सांगितलं असतंस तरी चाललं असतं मला. खरंच चाललं असतं.”

कीरनने तिच्या त्या खरबरीत बोटांवर आपला दुसरा हात ठेवला.

“मलाही चाललं असतं, मावशी,” तो म्हणाला.