पेशंटबाईचा तिसरा अर्ज

सहा वर्षांत ती चार वेळा विधवा झाली, तीनदा तिची नोकरी गेली, एकदा पोटची मुलगी घर सोडून निघून गेली, आणि निद्रानाश तर विचारूच नका, तो दर सत्राला ठरलेला. एवढं सगळं सोसून ती साडेपाचला बाहेर पडायची, कोपऱ्यावर भाजी घ्यायची आणि घरी जाऊन कुकर लावायची. नवरा चांगला ठणठणीत होता. मुलगी नव्हतीच, एक मुलगा होता आणि तो बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकत होता. झोपेचं म्हणाल, तर सासूबाई म्हणायच्या, हिच्या कानाशी ढोल वाजवा, ही कूस बदलायची नाही.

ती खोटी पेशंट होती. मानसशास्त्राचं पदवीनंतरचं शिक्षण देणारी एक संस्था होती, तिथे माणसांचं ऐकून घेऊन त्यांना सावरायला शिकवत. आता शिकाऊ हातात कोणी आपलं खरं दुःख देईल का? म्हणून विद्यार्थ्यांना हात साफ करायला ही. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या हातात एक कागद पडायचा, त्यावर त्या दिवशीचं दुःख लिहिलेलं असायचं. मग छोटी खोली, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. एका भिंतीला मोठी काच, काचेपलीकडे बाकीचा वर्ग आणि विभागप्रमुख मॅडम. शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे तिला पेशंटबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. रडायला सांगितलं तर डावा डोळा आधी आणि उजवा मागून, इतकी तयारी.

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तिला त्या खुर्चीत बसायचंच नव्हतं. तिला समोरच्या खुर्चीत बसायचं होतं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर काढता काढता, बाहेरून परीक्षा देऊन तिने पदवी घेतली ती त्यासाठी, आणि ही पेशंटगिरी पत्करली तीही त्यासाठी. संस्थेत जागा वीस, आणि नियम असा की एका माणसाने जास्तीत जास्त तीनदाच अर्ज करायचा. पहिल्या वर्षी ती लेखी परीक्षेतच गळली. दुसऱ्या वर्षी मुलाखतीच्या प्रतीक्षायादीत चौथी आली, आणि बोलावणं तिसऱ्यापर्यंत आलं. तिसऱ्या वर्षी मात्र थेट मुलाखत झाली आणि मुलाखत, तिच्या मते, झकास झाली. तिथे संस्थेतल्या एका ज्युनियर बाईंना पेशंट करून हिच्यापुढे बसवलं होतं. घ्या! दुधाच्या दुकानात मांजराला राखणीला बसवल्यासारखंच झालं ते. ती बाई तोंड उघडायच्या आत हिला कळत होतं ती काय म्हणणार. वीस मिनिटं ठरलेली, हिने बारा मिनिटांत दुःख सगळं बाहेर काढून दाखवलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, झालंच समज.

पत्र आलं ते तीन ओळींचं. आपली निवड होऊ शकली नाही याचा खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा, आणि खाली मॅडमची सही. चौथा अर्ज नाही म्हणजे इथलं दार कायमचं बंद.

तिने घरी सांगितलं, वय नडलं. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला कोण घेतंय, त्यांना कोवळी पोरं हवीत. सासूबाईंनी ते लगेच उचललं आणि संध्याकाळपर्यंत सबंध इमारतीला कळवलं, की आमच्या सुनेला गुण होते पण वय नडलं. शेजारणी येऊन हळहळून गेल्या. प्रत्येकीला तिने तेच सांगितलं, आणि दर खेपेला ते सांगताना तिला आतून खाज सुटल्यासारखं व्हायचं. कारण एकदा शब्द बाहेर पडला की तो खरा आहे का खोटा हे आपल्याला तरी ठाऊक असतं ना.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात कोणाची धडगत नव्हती. पायाला भिंगरी लागलेली. रविवारी तिने सगळे पडदे उतरवून धुतले, ते वाळायच्या आत खिडक्या पुसल्या, आणि खिडक्या पुसून होत नाहीत तोच स्वयंपाकघरातले डबे असे काही लावले की सासूबाईंना दोन दिवस साखर सापडेना. टीव्ही लावायची, बंद करायची. पुस्तक घ्यायची, चार ओळींवर मिटायची. जेवायला बसली की मधेच उठून गॅस बंद आहे का बघून यायची. बसलं की ते पत्र आठवायचं, म्हणून बसायचंच नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, की लिफ्ट अडकली की आतला माणूस घाबरून सगळी बटणं दाबत सुटतो, आणि मग आम्हाला दुप्पट काम पडतं. ती म्हणाली, मी लिफ्ट नाही. तो म्हणाला, बरं, आणि पेपर वाचायला लागला. त्या "बरं"चा तिला असा संताप आला की तिने त्याची चांगली असलेली चप्पल दुरुस्तीला टाकून दिली.

दुकानातही तेच. एक वयस्कर गृहस्थ तपासणीच्या खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं सावकाश वाचत होते. तिसऱ्या ओळीवर अडखळले, तर हिने पुढचं अक्षर सांगून टाकलं. त्याच्या पुढचंही. दुकानाचे मालक मागे उभे होते. ते गिऱ्हाइकासमोर काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, "बाई, नंबर त्यांचा काढायचाय, तुमचा नाही." ती म्हणाली, लक्ष नव्हतं. मालकांनी तिला चार दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. सुट्टी! घरी धुवायला पडदेसुद्धा उरले नव्हते.

शेवटी ती उठली आणि थेट मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तरी कळू द्या, म्हणाली. मॅडमनी बसा म्हटलं, ती बसली नाही. मॅडम बाई तशी चांगली, गोड बोलून वेळ मारून नेणारी नव्हे. त्यांनी फाइल काढली, वाचली, मिटली.

"तुम्ही तिला बोलूच दिलं नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तिची वाक्यं तुम्ही पुरी केलीत. शेवटी तिचं रडणंही तुम्हीच रडलात."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा वर्षं तुमच्या पोरांपुढे रडले ते चाललं, म्हणाली. माझ्याइतकं पेशंटच्या मनातलं कोणाला कळतं ते दाखवा. मॅडमनी मान हलवली, ते खरंच आहे म्हणाल्या. मग जे बोलायला नको होतं ते बोलल्या, की तुमच्यासारखी पेशंट आम्हाला मिळायची नाही, मंगळवारी नवी बॅच आहे, याल ना? माणूस भल्या मनाने कधी कधी असा काही बोलून जातो की वैऱ्यालाही सुचू नये. जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच किडा शिरला. म्हणजे मी इथे पेशंट म्हणून हवी आहे, म्हणून मला घेतलं नाही. मेले स्वार्थी.

तरी मंगळवारी ती गेली. जाणार नाही, जाणार नाही असं सकाळपासून चारदा ठरवून गेली. हे वीस दिवे लावणारे कोण आहेत ते बघायचंच होतं तिला. हातात कागद पडला, नोकरीवरून काढलेली बाई. जुनंच दुःख, तोंडपाठ. ती आपल्या खुर्चीत बसली, आणि दार उघडून पहिला विद्यार्थी आत आला. केस पांढरे, शर्टाच्या खिशाला पेन, हातात वही. एकसष्ट वर्षांचा, रेल्वेतला निवृत्त तिकीट तपासनीस.

नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण आता पांढऱ्या केसांचं होऊन समोर येऊन बसलं. एक्केचाळीसचं वय नडलं म्हणे. सबंध इमारतीला सांगून झालं होतं.

तपासनिसांनी घसा खाकरला, नमस्कार केला आणि विचारलं, काय झालं? तिने कागदावरचं सुरू केलं. साहेबांनी बोलावलं, पत्र हातात दिलं, उद्यापासून येऊ नका म्हणाले. इथे विद्यार्थी काहीतरी म्हणतात हे तिला सहा वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. "मी समजू शकतो", "तुम्हाला फार वाईट वाटलं असेल", असलं काहीतरी, आणि ते वाक्य आलं की हिची पुढची पायरी. पण हा माणूस काही म्हणेचना. गुडघ्यांवर हात ठेवून नुसता तिच्याकडे बघत बसला. तिने थोडं थांबून पुढचं सांगितलं. तो गप्पच. कागद संपला. ठरलेल्यातला अर्ध्याहून जास्त वेळ उरला होता आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

आता गप्प बसणं हे त्या बाईच्या रक्तातच नव्हतं. रिकामी जागा दिसली की ती भरायची. म्हणून ती बोलायला लागली, आणि कागद तर संपलेला.

"तीनदा," ती म्हणाली. "तीनदा त्या यादीत माझं नाव नव्हतं. घरी सांगितलं, वय नडलं. ते खोटं आहे." तो काही बोलला नाही. "मला वाटतं मला सगळ्यांचं आधीच कळतं. समोरचा बोलायच्या आत मीच बोलून टाकते. माझा मुलगा बाहेरगावी आहे. रविवारी फोन करतो. जेवलास का, जेवला असशील, दमलायस वाटतं, अभ्यास फार असेल, पैसे पुरतात ना, पुरत असतील. तो हो म्हणतो, हो म्हणतो, आणि ठेवतो." ती थांबली. "दोन वर्षं झाली. त्याचं तिथे कसं चाललंय ते मला माहीत नाही."

हे वाक्य तिने स्वतःच पहिल्यांदा ऐकलं. आणि मग ती रडली, दोन्ही डोळ्यांनी एकदमच, नाक गळत, अगदी वाईट दिसेल असं.

घंटा झाली. दार उघडून वर्ग आत आला आणि टाळ्या वाजवायला लागला. कोणी म्हणालं, काय अभिनय, कोणी म्हणालं, आम्हाला सांगितलं होतं की पेशंटबाई ग्रेट आहेत. तिने रुमाल घेतला, नाक पुसलं आणि उभी राहिली.

"हे कागदावरचं नव्हतं," ती म्हणाली. "हे माझं होतं."

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. मॅडम दारातच उभ्या राहिल्या. त्या एकोणीस पोरांपैकी कोणाला कुठे बघावं कळेना. तिने तपासनिसांकडे हात केला आणि म्हणाली, की एकट्या यांना ते कळलं, म्हणून हे बोलले नाहीत.

तपासनीस कसनुसे झाले. अंगठ्याने वहीचा कोपरा दुमडत म्हणाले, "बाई, खोटं कशाला बोलू? मला पुढचं काही आठवेना, म्हणून गप्प बसलो. पाठ केलेलं सगळं गेलं."

तिला हसू फुटलं. रडं अजून गालावर ओलं आणि ही हसतेय, वर्गाला वाटलं बाई कामातून गेली. पण तिला ते अगदी लख्ख दिसत होतं. ह्या बापड्याने कुठली विद्या वापरली नव्हती, नुसता घाबरून तोंड मिटून बसला होता, आणि तेवढ्यावर सहा वर्षांत जे निघालं नाही ते निघालं. मॅडम म्हणाल्या ते खरं होतं. पंधरा दिवस जे खरं वाटू नये म्हणून ती पडदे धूत सुटली होती, ते खरं होतं. बोचलं. फार बोचलं.

वर्ग सुटल्यावर ती मॅडमच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेली. पलीकडच्या शहरात, बसने तीन तासांवर अशीच एक संस्था आहे, तिथला अर्ज महिनाअखेरपर्यंत आहे, मला शिफारसपत्र हवं, असं सांगितलं. आणि पुढच्या आठवड्यापासून मला पेशंट करू नका. मॅडम लगेच तयार झाल्या, चांगलं पत्र देते म्हणाल्या.

"चांगलं नको," ती म्हणाली. "मुलाखतीत काय केलं तेही लिहा. तिचं रडणं मी रडले, तेही."

"ते लिहिलं तर तिथेही घेणार नाहीत."

"न लिहिता घेतलं तर मी तिथे जाऊनही हेच करीन."

मॅडमनी संगणक उघडला. ती बाहेर जाऊन थांबली. बसायला बाकडं होतं, पण ती व्हरांड्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली. पत्र हातात आलं तेव्हा तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. पहिले दोन परिच्छेद कौतुकाचे होते. तिसऱ्यात ते होतं, सरळ, एकही शब्द मऊ न करता. वाचताना तिचे कान तापले. तिने पत्र तीनदा वाचलं, घडी घातली, अर्जाच्या पाकिटात ठेवलं, आणि टपालपेटीपर्यंत न थांबता चालत गेली.