थरांचा गार चहा

त्या चार मजली विमा कचेरीत मावशींचं खरं नाव फक्त पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं, आणि तोही त्यांना मावशीच म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये मावशी सव्वीस वर्षं चहा करत होत्या. माणसं त्यांच्या डोक्यात चहासकट नोंदलेली होती. खिडकीजवळचा उंच माणूस म्हणजे बिनसाखरेचा. जिन्यालगतच्या टेबलावरच्या बाई म्हणजे अर्धा कप, पण दोनदा. रोखपालाला साय दिसली की शिसारी, म्हणून त्याचा चहा दोनदा गाळायचा. एवढी माणसं आली नि गेली, पण कोणाचा कप कोणाकडे गेला, असं कधी झालं नाही.

आणि प्रशासनाचे साहेब. चारचा चहा या गृहस्थांनी चारला घेतला असेल तर शपथ! कधी मीटिंग, कधी फोन, कधी नुसतीच मर्जी. मावशी त्यांच्यापुरता चहा चोचीच्या छोट्या पातेल्यात राखून ठेवायच्या. लिफ्टचं जाळीचं दार खडखडलं की मावशींचा हात गॅसच्या बटणावर. त्यात बघणं नाही, विचार करणं नाही. साहेब दारातून आत येईपर्यंत चहाला कढ आलेला असायचा. एखाद्याला निवलेला चहा द्यायचा म्हणजे त्याला तोंडावर ‘कशाला आलात?’ असं विचारणं, हे मावशींचं ठाम मत होतं, आणि त्यावर त्या कोणाशीही भांडायला तयार असत.

त्याच कचेरीनं एक दिवस ठरवलं, की कँटीन बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं.

कंत्राटदार बाई आल्या. कापलेले केस, पायात कापडी बूट, बोलायला गोड. बाई वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं, नाहीतर उगाच त्यांच्या नावानं बोटं मोडाल. त्यांनी सरळ सांगितलं, की गरम चहा-कॉफी यापुढे यंत्रातून येणार. बटण दाबायचं, कप भरायचा, त्याला माणूस लागत नाही. माणूस लागेल तो फक्त गार पेयांच्या काउंटरवर, आणि तोही एकच. मग त्यांनी उंच काचेचा ग्लास घेतला. तळाशी गुळाचा दाट पाक, वर काठोकाठ बर्फ, त्यावर गार दूध, आणि शेवटी थंडगार कडक कोरा चहा चमच्याच्या पाठीवरून धार धरून सोडला. खाली काळसर पाक, मधे पांढरं दूध, वर तांबूस चहा. एकात एक मिसळलेलं नाही. कचेरीतली सगळी पोरं-पोरी फोन काढून फोटो घ्यायला लागली.

“मावशी, तुम्हाला हे जमलं तर तुम्हीच राहा,” बाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी साहेबांसमोर एक ग्लास करून दाखवायचा. तीन थर वेगळे दिसले पाहिजेत, बाकी काही नाही.”

मावशींचं वय सत्तावन्न. या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेतं? नवरा गेला त्या वर्षी या कँटीननं त्यांना उभं केलं होतं. सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे, तिथे आपली कोणीतरी वाट बघतंय, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची सव्वीस वर्षं निघाली होती.

घरी नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, लग्न न झालेली, शिवणकाम करणारी. दोन खोल्यांत दोघीच. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, आतल्या खोलीत स्वयंपाक. जीभ अशी, की कात्रीला धार लावायची गरज नाही.

“गार चहा?” नणंदेनं चष्म्यावरून बघितलं. “म्हणजे इतकी वर्षं आपण गार झाला म्हणून मोरीत ओतत होतो, तो लोक आता पैसे देऊन पिणार? वाटोळं झालं म्हणायचं जगाचं!”

“वन्सं, हसू नका. हे आलं नाही तर मला घरी बसावं लागेल.”

“मग बस की. मी बसलेच आहे ना?”

“मी मरेन हो घरी बसून,” मावशी म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या, की नणंदेनं यंत्राचं चाक थांबवलं, उठली आणि फ्रिजमधला बर्फाचा ट्रे काढून आणला.

फ्रिज लहान, दार बंद राहावं म्हणून त्याला शिवणातल्या इलॅस्टिकचा पट्टा बांधलेला. ट्रे एकच. त्यातल्या बर्फात दोन ग्लास व्हायचे, मग पुन्हा बर्फ होईपर्यंत हात चोळत बसायचं. म्हणून रोज संध्याकाळी दोनच ग्लास. पहिल्या दिवशी दोन्हींचा राडा झाला. दुसऱ्या दिवशी पाक पातळ झाला आणि दुधात विरघळून गेला. तिसऱ्या दिवशी चहाची धार मोठी पडली. बिघडलेले ग्लास टाकायचे कसे, म्हणून ते नणंद प्यायची.

“तुझ्या परीक्षेपायी माझा घसा बसला,” ती घोगऱ्या आवाजात म्हणायची. “उद्या गिऱ्हाईक विचारेल, बाई, आत कोण पुरुष बोलतोय?”

खरी अडचण हाताची नव्हती. धार धरणं मावशींच्या हातचा मळ होता. अडचण होती ती मनाची. चहा उकळायचा, गाळायचा, आणि मग तसाच ठेवून द्यायचा, गार होईपर्यंत! वाफ विरत चाललेल्या त्या पातेल्याकडे बघून मावशींचा जीव कासावीस व्हायचा. त्या उठून दोनदा झाकण ठेवायच्या आणि नणंद दोनदा ते काढायची.

“अगं, निवू दे की त्याला! तान्हं बाळ आहे का ते?”

नवव्या दिवशी थर लागले. एकदम स्वच्छ, रेघ मारल्यासारखे. मावशींनी ग्लास खिडकीत उजेडाला धरला. नणंदेनं कौतुक करायचं सोडून भांडण काढलं, की आता हा प्यायचा कसा, मोडवत नाही. मग दोघी तो ग्लास मधे ठेवून बसून राहिल्या आणि पुष्कळ दिवसांनी खळखळून हसल्या. त्यानंतर एकही ग्लास बिघडला नाही. मावशींनी कचेरीत जाऊन पगाराच्या कारकुनाला सांगूनसुद्धा टाकलं, की मी राहतेय हो.

परीक्षा तीन वाजता होती. मावशींनी अकरालाच कोरा चहा करून कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवला. पाक घरून करून आणला होता. धुवट साडी, केस घट्ट बांधलेले. तीनला पाच कमी असताना त्यांनी थंडगार चहा बाटलीतून काढला आणि चोचीच्या छोट्या पातेल्यात ओतला, कारण धार त्यातूनच नीट पडायची. पातेलं ठेवलं शेगडीवर. पातेल्याची जागा तीच, दुसरी कुठली असणार? कंत्राटदार बाई वेळेवर येऊन खुर्चीत बसल्या. साहेबांचा पत्ता नाही.

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. बाईंनी दोनदा फोन लावला. मावशींनी ओटा पुसला, पुन्हा पुसला, ग्लास उजेडाला धरून बघितला, तोही पुसला. मनात एकच घोकणं चाललं होतं, आधी पाक, मग बर्फ, मग दूध, मग चहा. जीव टांगणीला लागला होता, आणि अशा वेळी माणसाचं डोकं एकीकडे असतं, हात दुसरीकडे.

चारला दहा कमी असताना लिफ्टचं दार खडखडलं.

“आले वाटतं,” बाई उठल्या. मावशी फ्रिजकडे वळल्या, बर्फ काढला, दूध काढलं. साहेब आत आले, “सॉरी, सॉरी, चला, दाखवा पटकन” म्हणाले. मावशींनी ग्लासात पाक सोडला. बर्फ भरला. दूध ओतलं. पांढरा थर पाकावर अलगद बसला आणि बाईंनी समाधानानं मान हलवली. मावशींनी पातेलं उचललं, चमचा उलटा धरला आणि धार सोडली.

चमच्यावरून वाफ आली.

वाफ दिसली तेव्हा अर्धी धार पडून गेली होती. बर्फ कडकडून तडकला, खचला, गडगडत खाली गेला आणि जाताना सगळं ढवळून गेला. ग्लासात मातकट रंगाचं पाणी उरलं. मावशींनी शेगडीकडे बघितलं. गॅस चालू होता. निळी ज्योत मजेत जळत होती. त्यांनी तो कधी लावला, हे त्यांना तेव्हाही आठवलं नाही आणि पुढेही कधी आठवलं नाही.

कंत्राटदार बाई हळू आवाजात म्हणाल्या, “पुन्हा एकदा करता का, मावशी?”

“चहा गार व्हायला दोन तास लागतील,” मावशी म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “मला पावणेपाचची मीटिंग आहे.” मग ग्लास उचलून त्यांनी एक घोट घेतला, आणि माणूस मनापासून म्हणाला, “चव उत्तम आहे हं. पण काय आहे, हे प्रकरण दिसण्याचं आहे.” बाईंनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी उभ्याउभ्याच सही केली आणि उरलेला ग्लास संपवत निघून गेले.

घरी नणंदेनं दार उघडलं. तोंड बघितल्यावर तिनं आधी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मावशींनी सांगितलं.

“लिफ्ट वाजली आणि मी गॅस लावला, वन्सं.”

नणंदेच्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे तो मेला पाऊण तास उशिरा येणार, आणि नापास तू? त्याच्या तोंडावर सांगायचं होतंस!”

“काय सांगू? तुम्ही आलात म्हणून गरम केला, असं?”

“हो! असंच!”

“मग ते म्हणाले असते, मी सांगितलं होतं का गरम करायला?” मावशी म्हणाल्या. “आणि खरंच, कुठे सांगितलं होतं त्यांनी? कधीच नाही सांगितलं.”

नणंद यंत्रावर जाऊन बसली, पण सुई काही चालली नाही. आत मावशी पदर तोंडात धरून रडत होत्या आणि ते दोन खोल्यांत लपण्यासारखं नव्हतं. “उद्या दुसरीकडे बघू,” नणंद बाहेरून म्हणाली. दोघींनाही माहीत होतं, की दुसरीकडे कुठे नाही. नणंदेच्या डोळ्यांना आता बारीक टीप दिसत नव्हती, शिवण अर्ध्यावर आलं होतं, आणि आता घरात बसून दोघींनी एकमेकींची तोंडं बघायची होती.

महिना संपेपर्यंत मावशींना कामावर जायचंच होतं. त्या गेल्या, एकही दिवस चुकवला नाही. सोमवारी माणसं येऊन शेगडी उचलून घेऊन गेली. मंगळवारी यंत्र आलं. त्याच्या शेजारी नवा काउंटर, आणि काउंटरवर बाईंनी आणलेली दुसरी एक बाई, गळ्यात एप्रन, हात भलता चलाख. मावशींनी तिला कपाटं दाखवली, नळ कुठला गळतो ते दाखवलं. कोणाला कसा चहा लागतो, तेही सांगायला सुरुवात केली. ती बाई म्हणाली, “आता ते बटणांवर आहे ना, मावशी.” चिडून नाही, सहज. मावशींनी उघडं कपाट लावून घेतलं.

कचेरीतली माणसं? ती रांगेत उभी राहून ग्लास घेत होती. बिनसाखरेचा उंच माणूससुद्धा तळाशी पाक असलेला ग्लास घेऊन गेला. “मावशी, एकदम झकास प्रकार आहे, नाही?” असंही जाताजाता म्हणाला.

शेवटच्या दिवशी मावशींना काही कामच नव्हतं. रिकाम्या ओट्यापाशी त्या फडकं घेऊन उभ्या होत्या. पगाराच्या कारकुनानं एका कागदावर सही घेतली, “येत जा अधूनमधून” म्हणाला, आणि घाईनं गेला. साडेचार वाजले. लिफ्टचं दार खडखडलं. मावशींचा हात ओट्यावर पुढे सरकला आणि शेगडीच्या रिकाम्या जागी टेकला.

साहेब आत आले, कपाळ चोळत. गार काउंटरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, थेट मावशींकडे आले.

“मावशी, डोकं भयंकर चढलंय. तुमचा तो कडक द्या बघू. हे यंत्राचं पाणी नको.”

“शेगडी नेली, साहेब.”

“नेली? केव्हा?”

“सोमवारी.”

“कमाल आहे! मला कोणी सांगितलं नाही.” साहेब खरोखर वैतागले. “असं कसं चालेल? थांबा, मी उद्या बोलतो त्यांच्याशी. तुमच्यापुरती एक लहान शेगडी तरी राहू द्या म्हणावं. आमच्यासारख्यांनी काय करायचं? उद्या सकाळी आठवण करा मला.”

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लपवाछपवी नव्हती. ज्या कागदावर त्यांनी न वाचता उभ्याउभ्या सही केली होती, त्यात शेगडीबरोबर मावशींनाही काढलं होतं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

“उद्या मी नाही, साहेब.”

“का? रजा टाकलीत?”

काउंटरवरची बाई हातातलं काम थांबवून बघायला लागली. मावशींनी फडक्याची घडी घातली, नळावर टाकली, आणि हात कोरडे केले.

“हो,” त्या म्हणाल्या.

“बरं, बरं. आराम करा,” साहेब म्हणाले, आणि यंत्राकडे वळून कुठलं बटण दाबायचं ते शोधायला लागले.