लंगरच्या खोलीची दोन कुलपं
गुरुद्वाऱ्यातल्या प्रसादासारखा तुपात कणीक भाजल्याचा वास आला की मला लातूरकडच्या भूकंपानंतरची एक सकाळ आठवते. नांदेडातल्या एका छोट्या गुरुद्वाऱ्याच्या कारभारावरून दोन म्हातारे सरदारजी, सख्खे चुलतभाऊ, कोर्टात भांडत होते आणि लंगरच्या, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोफत जेवणाच्या, खोलीला दोघांचीही कुलपं होती. मी त्यातल्या एकाची नवखी वकील. भूकंपाच्या गावांना जेवण पाठवायचं, तर मोठ्या कढया आत अडकलेल्या. दोघं किल्ल्या घेऊन दारात उभे. “आधी तू काढ.” “न्हाई, तूच काढ. मी काढलं तर तुझा वकील म्हणेल, ताबा सोडला!” बाहेर ट्रक खोळंबलेला. शेवटी मी म्हणाले, “काका, मी तीन म्हटलं की दोघं एकदमच काढा.” दार उघडलं आणि थोड्याच वेळात दोघं एकाच कढईपाशी डाळीतल्या मिठावरून भांडत होते. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, “आधी कुलूप कुणी काढलं?” दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. न्यायाधीश हसले आणि निकाल लागेपर्यंत खोली उघडी ठेवायचा हुकूम दिला. माझे केस पांढरे झाले, तरी तो निकाल अजून लागलेला नाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.