तीन महिने कुणाला सांगायचं नाही

बिबवेवाडीतल्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. अपेक्षा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायची. मूळची परभणीकडची, लग्न होऊन इथे आलेली. कॉलेजात असताना तिच्या हृदयाची झडप बदलून धातूची बसवली होती. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी, आणि रक्त किती पातळ झालं हे बघायला माझी सुई. सात वर्षांत तिने एकही गोळी चुकवली नव्हती. असा पेशंट मिळायला भाग्य लागतं, असं मीच तिला म्हणायचे.

जूनमध्ये ती सासूबाईंना घेऊन आली, हातात पेढ्यांचा पुडा.

"ताई, चौथा लागला."

"आणि गोळी?"

"घेते की रोज."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टरांना सांगितलंस?"

उत्तर सासूबाईंनी, यमुनाबाईंनी दिलं. "तीन महिने झाल्याबिगर कुणाला सांगायचं नसतं बाई. दृष्ट लागते."

"डॉक्टरांची?" मी म्हटलं. "वा!"

तिथूनच मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुपारीच बोलावलं आणि समजावून सांगितलं. ही गोळी आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाचं नाक, हाडं बिघडवू शकते. मनाने बंद करावी तर झडपेत गुठळी होऊन आईच्या जिवावर बेततं. म्हणून दिवस राहायच्या आधीच विचारायचं असतं, म्हणजे त्या आठवड्यांत इंजेक्शनं देता येतात. ते औषध बाळापर्यंत पोचत नाही. आणि यांनी लपवले ते नेमके तेच दिवस!

यमुनाबाईंवर मी मनातल्या मनात खूप चरफडले. पण एप्रिलात आणि मेमध्ये अपेक्षा माझ्याचसमोर हात पुढे करून बसली होती. पाळी कधी आली, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. रिपोर्ट छान आला की मी खूश. हा राग कुठे काढायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

डिसेंबरात मुलगी झाली. नाक पार बसकं, श्वास घेताना घरघर. मी बघायला गेले तेव्हा पाळण्याभोवती शेजारणी जमल्या होत्या. एकीने सवयीने विचारलं, "नाक कुणावर गेलंय गं?"

अपेक्षा काही बोलायच्या आत यमुनाबाई म्हणाल्या, "माझ्यावर."

त्यांचं नाक चांगलं सरळ, धारदार आहे.