डाव्या फुलाचा कौल

मला चौथीतून काढलं तेव्हा वडिलांनी देवाला काही विचारलं नव्हतं. मोठा भाऊ मॅट्रिक झाला तेव्हा मात्र मारुतीला कौल लावायचं ठरलं. रझाकार जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. भावाला हैदराबादला ढोरांच्या डॉक्टरीला जायचं होतं. वडिलांना घरात वकील हवा होता. चुलत्यांनी आमचा बांध कोरला होता, त्याचा दावा चालू होता.

"ढोरामागंच फिरायचं तर हैदराबाद कशाला? गोठा हाय की आपला," वडील म्हणाले. पारावरची माणसं हसली.

मूर्तीला दोन फुलं पाण्यानं चिकटवायची, आधी पडेल ते देवाचं उत्तर, अशी रीत. उजवं वकिलीचं, डावं डॉक्टरीचं. वडिलांनीच चिकटवली. उजवं लगेच पडलं. डाव्याला संध्याकाळी मुंग्या लागल्या होत्या.

"दादा, आबांनी गुळाचं पाणी लावलं," मी भावाला सांगितलं.

"दिसलं मला. गप बस."

गावासमोर देवाला खोटं कोण पाडणार? भाऊ वकिली शिकायला गेला आणि वकील होऊन परभणीला बसला. घरी फारसा येत नसे.

वडिलांनी जुना वकील सोडला. तारीख तोंडावर आल्यावर भावाला बोलावून घेतलं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते.

"आता आपला दावा तूच चालव."

"चालवतो की. पण आबा, आपल्या घरी मारुतीला इचारल्याबिगर काई करत न्हाईत. कौल लावू."

वडील नको म्हणू लागले, पण तोवर त्यानं गावात सांगितलंही होतं. तीच माणसं पारावर जमली. उजवं दावा घ्यायचा, डावं सोडायचा. या वेळी फुलं भावानं चिकटवली. डावं पडलं. उजवं हललं नाही. थोड्या वेळानं मारुतीच्या खांद्यावरून मुंग्यांची रांग वर चढू लागली. वडिलांनी ती पाहिली. बोलले असते तर गुळाचं पाणी त्यांना कसं ओळखू आलं, हे त्यांनाच सांगावं लागलं असतं.

"देव नको म्हनतोय, आबा. त्याच्याम्होरं जायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं," भाऊ म्हणाला आणि जेवायलाही न थांबता गेला.

तारखेला आमच्याकडून कोणी उभं राहिलं नाही. बांध चुलत्यांचा झाला. त्यांनी मारुतीपुढं नारळ फोडला आणि खोबरं आमच्याही घरी पाठवलं. वडिलांनी हात लावला नाही. मी खाल्लं.