कादंबरीतला नवरा
जैतुनाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. माझी पहिली ख्रिस्ती कादंबरी छापून आली होती, आणि तिच्या जाहिरातीसाठी मी चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक उतारा, खाली बायबलचं वचन आणि माझं मनन टाकत होते. नायिकेला दारुडा नवरा मारतो तो उतारा टाकला, तेव्हा खाली आमेनच आमेन आले. पुस्तक मात्र एकीनंही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चर्चचं महिला मंडळ घरात शिरलं. जन्मात दारू न चाखलेला माझा नवरा हिंगण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला होता आणि कूलरसमोर बनियनवर झोपला होता. त्याला उठवून खुर्चीत बसवलं, डोक्यावर प्रार्थनेचं जैतुनाचं तेल ओतलं आणि सगळ्यांनी त्यावर हात ठेवले. देवानं आपलं आयुष्य कसं बदललं हे सांगणाऱ्या खऱ्याखुऱ्या साक्षींशिवाय काही न वाचलेल्या बाया त्या. “अहो, ती गोष्ट मी रचलेली आहे,” मी म्हटलं. पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे वचन टाकून खोटं लिवलं काय वं?”  त्यांनी सैतानाला हाकललं, चहा घेतला आणि गेल्या. नवरा कानातलं तेल पुसत म्हणाला, “तुह्या पुस्तकातल्या माणसाची दारू सुटते का?” “सुटते.” “मंग माहीही सुटली म्हणून टाकून दे ग्रुपवर, नाहीतर ह्या रोज येतीन.” मी दात-ओठ खात टाकलं. तो चमत्कार त्या अजून नव्या सुनांना सांगतात. आता माझी दुसरी कादंबरी आली आहे. तिची नायिका विधवा आहे, आणि नवरा मला ग्रुपवर तिची एक ओळही टाकू देत नाही.